बरा झालेला रोगी बोलतो तेव्हा

२४ मार्च जवळ आला, की क्षयरोगावर बोलण्यासाठी कुठल्या ना कुठल्या शाळेचे बोलावणे येतेच. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉक यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे... मी सांगतो, लोक ऐकतात, चहा घेतात आणि घरी जातात.

काही वर्षांपूर्वी माझ्याच औषधाने बऱ्या झालेल्या एका बाईंना म्हटले, "ताई, यंदा तुम्ही बोला." त्या घरून जेवणाचे डबे देत. पदर सावरत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या सुरू केल्या अन् लघवी लालसर व्हायला लागली. मला वाटलं रक्तच जातंय. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली. चार दिवस गोळ्या डब्यातच ठेवल्या."

मी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलो. रिफॅम्पिसिनने लघवीला तांबूस रंग येतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे मला कॉलेजपासून ठाऊक. पण त्यांना सांगायचे राहून गेले होते. तिसऱ्या महिन्यात अंग भरले आणि गोळ्या नकोशा झाल्या, हेही त्यांनी लपवले नाही. बहुतेक रोगी इथेच चुकतात. साधा क्षय बरा व्हायला सहसा सहा महिने लागतात. औषध मध्येच सोडले, तर उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होतात.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. लघवीच्या रंगाला भिऊन त्यांनीही गोळ्या सोडल्या होत्या! माझ्या इतक्या भाषणांनंतर असे कोणी आले नव्हते.

अमिताभ बच्चन यांनी २०१४ साली मुंबईच्या मोहिमेत, २००० साली आपल्याला क्षय झाला होता, असे उघड सांगितले. त्याने पुष्कळांची भीड चेपली. तरी रोगी म्हणतो, "त्यांचं काय, मोठी माणसं." शेजारच्या डबेवालीबद्दल तसे म्हणता येत नाही.

पण पुढल्या महिन्यात ताईंचे पाच डबे बंद झाले. क्षय जेवणातून पसरत नाही. उपचार न घेतलेल्या फुप्फुसाच्या रोग्याच्या खोकल्यातून, हवेवाटे पसरतो. आणि ताई तर पूर्ण बऱ्या झालेल्या. हे सभेतच ठणकावून सांगायला हवे होते. मी हारतुऱ्यांत गुंतलो. मग पाचही घरी स्वतः गेलो. तीन डबे परत सुरू झाले, दोन नाहीत.

तेव्हापासून कुणालाही बोलायला उभे करण्याआधी मी विचारतो: घरचे काय म्हणतात? पोटापाण्याचा धंदा कोणता? नाव सांगायचे की नाही? नको म्हटले, तर विषय तिथेच संपतो.

यंदा ताई आपणहून दवाखान्यात आल्या. मी डब्यांची आठवण दिली. म्हणाल्या, "ते माझं मी बघते. शाळेत किती वाजता यायचं?"