नातवंडांसह ऐकूया, कान देऊन

एकाच घरात तीन पिढ्या नांदतात, परंतु गाणे प्रत्येक जण वेगळे ऐकतो. आजोबांच्या खोलीत रेडिओ, नातीच्या कानांत इअरफोन. आठवी-नववीतल्या मुलांशी बोलावे तरी काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. त्यात ऐकू कमी येऊ लागले की संवाद आणखी आखडतो आणि एकटेपण वाढते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास एकत्र संगीत ऐकणे, हा त्यावरचा एक सोपा उपाय आहे. मुलांना शैली ओळखण्याची दृष्टी मिळते आणि आपल्याला बोलण्यास विषय.

एक रचना, तीन वेळा

तीन-चार मिनिटांची एकच रचना निवडावी. पहिल्यांदा कोणीही बोलू नये. दुसऱ्यांदा फक्त वाद्ये ओळखावीत. तिसऱ्यांदा हातावर ताल धरावा आणि शब्द, सूर व ठेका यांपैकी अधिक महत्त्व कशाला आहे ते पाहावे. ‘आवडले का?’ हा प्रश्न शेवटी. ‘काय ऐकू आले?’ हा आधी.

तुलनेतून शैली कळते

पोवाड्यात डफ-तुणतुण्याच्या साथीने कथा पुढे धावते. लावणीत ढोलकी बोलते, अभंगात टाळ-पखवाज. ख्यालात शब्द मोजके, स्वरांचा विस्तार मोठा. यानंतर मुलांच्या आवडीचे रॅप लावावे. ठेक्यावर शब्दांचा ओघ त्यातही आहे. मग पोवाड्याहून वेगळे काय, हे मुलांनाच शोधू द्यावे.

‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात दोन गायनशैलींचाच संघर्ष आहे. त्यावरील २०१५चा चित्रपट मुलांनी पाहिला असेल, तर त्यातील पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या गाण्यातला फरक विचारावा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ वर्षभर प्रसारित झाले. ५६ गीतांत प्रसंगानुसार चाल कशी बदलते, हे ऐकण्यासारखे आहे. ते त्या काळी आपण ऐकले असेल, तर ती आठवणही अवश्य सांगावी.

कानांची काळजी

वाढत्या वयात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी अस्पष्ट होतात. त्यामुळे ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आवाज वाढवण्यापूर्वी पंखा व दूरदर्शन संच बंद करावेत आणि स्पीकरजवळ बसावे. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. संगीत विचित्र वाटल्यास श्रवणतज्ज्ञांकडून वेगळी जुळणी करून घेता येते का, ते विचारावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मुलांनीही इअरफोनचा आवाज मर्यादेत ठेवावा. मोठ्या आवाजाने झालेली श्रवणहानी भरून येत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला तरुणपणीची गाणी पुष्कळदा आठवतात. तिला ‘ओळखा पाहू’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. तिने ताल धरला, तर आपणही धरावा. चेहऱ्यावर अस्वस्थता दिसताच गाणे थांबवावे.

एक पथ्य मात्र आपण ज्येष्ठांनीही पाळावे: ‘आमच्या वेळचे संगीतच खरे’ हे वाक्य टाळावे. पुढच्या वेळी रचना निवडण्याचा मान नातवंडाला द्यावा आणि ती आपणही तीन वेळा ऐकावी.