परभणीचा फोटो कोणी बघायचा?

खरिपाची पिके वर आली की परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आपल्याच वावरात उभे राहून फोटो काढावा लागतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची ती अट आहे. मोबाईलवर गट क्रमांक निवडायचा, पिकाचे नाव आणि क्षेत्र भरायचे, अक्षांश-रेखांश लागेपर्यंत उन्हात ताटकळायचे आणि मग सोयाबीनचा किंवा कपाशीचा फोटो टिपून पाठवायचा. सातबाऱ्यावर पीक लागते ते त्या नोंदीच्या जोरावर. पावसाने पीक आडवे केले तर 2025 पर्यंत विम्यासाठी 72 तासांत कळवावे लागे, तिथेही फोटो. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटोने घेणे सक्तीचे झाले, आणि काही ठिकाणी फोटोचाच फोटो काढून हजेरी भरली जाते हे पुढे 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रकात लिहावे लागले. सांगायचे ते इतकेच की छायाचित्रण ही शहरातल्या हौशी लोकांची कला आहे आणि आमच्या मागास जिल्ह्याशी तिचा काय संबंध, हा प्रश्न आता टिकत नाही. फोटो काढणारे हात गावोगाव आहेत. हे फोटो जातात मात्र सर्व्हरवर, आणि ज्याने काढले त्याच्याकडे ते फिरून येत नाहीत.

आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सवांकडे परभणीने बघावे ते या अंगाने. अशा महोत्सवांच्या पत्रकात आधी मोठ्या छायाचित्रकारांची नावे असतात, मग व्याख्याने, मग पुरस्कार, आणि तळाशी दोन ओळींत ‘समाजासाठी उपक्रम’: शाळांतल्या कार्यशाळा, वस्तीतले प्रदर्शन, जुन्या फोटोंचे संकलन. माझे म्हणणे असे की परभणीसारख्या ठिकाणाहून पाहिले तर हा तळाचा मजकूर हाच मुख्य महोत्सव आहे, आणि त्याचे मोल एकाच कसोटीवर ठरवावे. जिथे फोटो काढला, तिथल्या माणसांना तो बघायला, ठेवायला आणि त्यावर बोलायला मिळाला का?

ही कसोटी का, ते इतिहासाकडे पाहिले की कळते. 1876 ते 1878 च्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवून फोटो काढले. माणसे मांडून फोटो घेतले, त्यांना अन्न मात्र दिले नाही, अशी टीका त्याच्यावर तेव्हाच झाली होती. परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचा दरबारी छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ, ज्यांना सहाव्या निजामाने ‘राजा’ आणि ‘मुसव्विर जंग’ हे किताब दिले. दीनदयाळांच्या कॅमेऱ्याने राजवाडे, शिकारी आणि व्हाइसरॉयचे दौरे टिपले, तसेच मराठवाड्यातले दुष्काळी कामही. हूपरच्या फोटोंत उपासमार दिसते, दरबारी फोटोंत राज्यकर्त्याची दयाबुद्धी दिसावी अशी योजना असते. हेतू वेगळे असले तरी खडी फोडणाऱ्या माणसाला तो फोटो बघायला मिळेल, असे दोन्हीकडे कोणाच्या मनातही आले नसावे. सव्वाशे वर्षांनंतर, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली तेव्हा मराठवाड्याचे फोटो पुन्हा जगभर गेले: भेगाळलेली जमीन, घागरींची रांग, कपाळाला हात लावलेला म्हातारा. ते फोटो खोटे नव्हते. पण आधीच्या सव्वाशे वर्षांत फोटोने परभणीकडे एवढ्या एकाच कारणासाठी पाहावे, हे काही कमी बोलके नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे ऐटीत म्हणणाऱ्या जिल्ह्याला बाहेरच्या फोटोत ही ऐट कधी दिसलीच नाही.

आजचा जवळचा आंतरराष्ट्रीय महोत्सव हैदराबादेतच भरतो, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. 2015 पासून लाइट क्राफ्ट फाउंडेशन ही संस्था तिथे ‘इंडियन फोटो फेस्टिव्हल’ दरवर्षी भरवते. माधापूरच्या स्टेट गॅलरी ऑफ आर्टमध्ये देशोदेशींच्या छायाचित्रकारांची कामे लागतात, व्याख्याने आणि कार्यशाळा होतात. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरच्या परभणीहून तिथे रात्रीच्या गाडीने जाता येते; निजामाच्या काळात कचेरीची कामे घेऊन माणसे याच रुळांवरून जात. देशातल्या इतर महोत्सवांशी तुलना केली तर सातत्य ही हैदराबादची जमेची बाजू आहे. दिल्लीचा महोत्सव 2011, 2013 आणि 2015 अशी तीन पर्वे गाजवून थांबला. मुंबईत 2013 मध्ये सुरू झालेला ‘फोकस’ एक वर्षाआड भरे. प्रायोजक आटले की महोत्सव आटतो, हे आपल्याकडचे दुखणे आहे. टिकलेल्या महोत्सवांकडे पाहिले तर त्यांच्या मुळाशी बहुधा एखादी शाळा, एखादा संग्रह किंवा एखादे गाव सापडते.

ढाक्याचे उदाहरण घ्या. शाहिदुल आलम यांनी 1989 मध्ये ‘दृक’ ही छायाचित्रसंस्था काढली, 1998 मध्ये ‘पाठशाला’ हे विद्यालय सुरू झाले, आणि 2000 मध्ये ‘छबी मेला’ भरला. म्हणजे आधी शिकवणे, मग मिरवणे. पहिल्याच मेळ्यात 1971 च्या युद्धाच्या प्रदर्शनातले काही फोटो काढा, असा सरकारी आग्रह झाला. संयोजकांनी ते प्रदर्शन राष्ट्रीय संग्रहालयातून हलवून आपल्याच गॅलरीत लावले. पुढे या मेळ्याने सायकल रिक्षांच्या गाड्यांवर फोटो लादून ढाक्याच्या गल्ल्यांत फिरवले. गॅलरीची पायरी चढायला बिचकणाऱ्या माणसाच्या दारात प्रदर्शन आले. काठमांडूने आणखी वेगळी वाट काढली. 2015 च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच पाटण शहराच्या चौकांत आणि जुन्या भिंतींवर ‘फोटो काठमांडू’ भरला. तिथल्या नेपाळ पिक्चर लायब्ररीने घरोघरच्या ट्रंकांतले, अल्बमांतले फोटो प्रत काढून परत करायचे, हे काम आधीपासून हाती घेतले होते. त्यातून नेपाळी स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा आणि दलितांच्या संघर्षाचा फोटोंतला इतिहास उभा राहिला, जो पाठ्यपुस्तकांत नव्हता.

खेड्यात असे काही चालणार नाही म्हणणाऱ्यांसाठी फ्रान्समधले ला गासिली आहे. ब्रिटनी प्रांतातले हे अवघ्या काही हजार वस्तीचे गाव. 2004 पासून तिथे दर उन्हाळ्यात बागांत, गल्ल्यांत, नदीकाठी मोठमोठे फोटो उघड्यावर लागतात. तिकीट नाही. विषय बहुतेक शेती, पाणी आणि निसर्गाचे, आणि बघायला वर्षाला 3 लाखांच्या आसपास माणसे येतात. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो शाळांचा: त्या जिल्ह्यातली माध्यमिक शाळांतली मुले छायाचित्रकारांच्या सोबतीने एखादा विषय घेऊन काम करतात, आणि त्यांचे फोटो त्याच महोत्सवात, नामवंतांच्या फोटोंसारखेच मोठे करून लावले जातात. मुलांची चित्रे शाळेच्या व्हरांड्यात आणि मोठ्यांची गॅलरीत, अशी पंगत तिथे वेगळी बसत नाही. अर्थात ला गासिलीच्या पाठीशी तिथेच जन्मलेल्या एका मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपनीचे घराणे आहे. परभणीला असा आश्रयदाता नाही, हा आक्षेप खरा आहे. पण खर्चाचा मोठा वाटा उघड्यावर फोटो लावण्यात जात नसतो. तो जातो विमानभाड्यात, हॉटेलांत, विम्यात आणि उद्घाटनात. सायकल रिक्षावरचे प्रदर्शन कोणत्याही कंपनीवाचून चालले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात 10 राज्यांत टिपलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाच्या फोटोंचे ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन बस स्थानकांवर, कारखान्यांच्या फाटकांवर, शेतमजुरांच्या मेळाव्यांत आणि महाविद्यालयांत लागले. ज्यांचे वाकलेले पाठीचे कणे त्या फोटोंत होते, तशाच बायका ते बघणाऱ्यांत होत्या. मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षे काम केलेले सुधारक ओलवे कॅमेरा शिकवण्याच्या कामातही रमले, ते याच जाणिवेने. गोव्यात पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात लीना व्हिन्सेंट आणि अक्षय महाजन यांनी ‘गोवा फामिलिया’ नावाने घराघरांतले जुने फोटो आणि त्यांच्या गोष्टी गोळा केल्या. आणि परभणीच्या बाबतीत तर एक देखणा पायंडा आवाजाच्या क्षेत्रात पडलाच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या गटाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात 1996 मध्ये पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्याही आहेत. गाणारीचे नाव, गाव, तारीख यांसकट त्या जपल्या गेल्या आणि पुढे सर्वांना ऐकायला खुल्या झाल्या. ओवीला जी शिस्त लाभली ती ट्रंकेतल्या फोटोला का लाभू नये?

यावर पहिला आक्षेप येतो तो मोबाईलचा. ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा असताना महोत्सव कशाला? उलट, म्हणूनच हवा. खिशातला फोटो चार दिवसांत खाली सरकतो आणि फोन बिघडला की जातो. जुने फोटो तर त्याहून वेगाने चालले आहेत. तालुक्याच्या गावांतले स्टुडिओ बंद पडले तेव्हा त्यांच्या निगेटिव्हच्या पेट्या भंगारात गेल्या, काहींमधली चांदी काढून घेतली गेली. जत्रेतल्या ताजमहालाच्या पडद्यासमोर, पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून काढलेले नवराबायकोचे फोटो वाळवी आणि बुरशी खाऊन टाकते आहे. 18 लाख 36 हजार लोकसंख्येच्या (2011) या जिल्ह्याचा विसाव्या शतकातला चेहरा सरकारी दफ्तरात नाही, तो भिंतीवरच्या हार घातलेल्या चौकटींत आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: आधी पाणी, मग रोजगार, मग चित्रबित्र. जिथे शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आतल्या पानावर जाते तिथे महोत्सवाचा खर्च शोभतो का? हा युक्तिवाद साहित्य संमेलनालाही लागू होता, तरी 1995 मध्ये परभणीने नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले आणि त्याबद्दल कोणी परभणीला उधळ्या म्हटले नाही. शिवाय फोटो आता पाण्याच्या आणि पैशाच्या प्रश्नापासून वेगळा राहिलेलाच नाही. पंचनामा, विमा, हजेरी सगळे त्याच्यावर अडले आहे. नुकसानीचा फोटो कोणत्या अंतरावरून घ्यावा, त्यात बांध किंवा विहीर अशी ओळखखूण कशी यावी, मूळ फाइल तारखेसकट कशी जपावी, हे शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा शेतकऱ्याला थेट उपयोगी पडेल. ती कलेपेक्षा खालची आहे असे ज्या छायाचित्रकाराला वाटते, त्याने परभणीला न आलेलेच बरे.

तिसरा आक्षेप मी स्वतः सर्वांत गंभीर मानतो. बाहेरून येऊन पोरांच्या हाती कॅमेरे देण्याच्या उपक्रमांचा इतिहास निर्मळ नाही. कोलकात्याच्या सोनागाछीतल्या मुलांवरचा ‘बॉर्न इंटू ब्रॉथेल्स’ हा माहितीपट 2005 मध्ये ऑस्कर घेऊन गेला. त्याच्यावर टीका झाली ती हीच, की तिथे आधीपासून काम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटना चित्रातून गायब झाल्या आणि तारणहार तेवढा उरला. परभणीत हा धोका दुप्पट आहे, कारण इथल्या दुःखाला बाहेर गिऱ्हाईक आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेचा चेहरा प्रदर्शनात लावायचा तर तिचा होकार एका सहीने संपत नाही. मूल मोठे झाल्यावर तो फोटो तिला नकोसा वाटू शकतो, आणि तेव्हा तो काढून घेण्याची सोय हवी. म्हणून उपक्रम एका आठवड्याचा असून भागत नाही. तो वर्षानुवर्षे त्याच शाळेत, त्याच गावात राहायला हवा, आणि त्याची सूत्रे स्थानिक माणसांकडे हवीत. तालुक्याच्या गावांतले लग्नाचे फोटोग्राफर इथे अनायासे उपलब्ध आहेत. शहरी समीक्षक त्यांना मोजत नाहीत, पण अंधाऱ्या माजघरात हळदीचा प्रकाश कसा सांभाळायचा आणि रुसलेल्या मामाला फोटोत कसा आणायचा, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

जागांची तर परभणीला वानवाच नाही. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो तेव्हा हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांची माणसे लांबून येतात. 1972 मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे शेतकरी मेळावे 18 मे आणि 17 सप्टेंबरला भरतात. बियाण्यांच्या रांगेतला शेतकरी तिथे तासभर उभा असतोच. गोदाकाठचे जनाबाईचे गंगाखेड आहे, चारठाण्याची जुनी मंदिरे आहेत. गर्दी गोळा करायची गरज नाही, गर्दी जिथे आहे तिथे फोटो न्यायचे आहेत. हैदराबादच्या महोत्सवाने आपल्या निवडक प्रदर्शनांचे संच कापडावर छापून एकदा उरसात पाठवावेत, आणि बदल्यात परभणीच्या ट्रंकांतून निघालेला एक संच पुढच्या वर्षी माधापूरला लावावा. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच तिला आंतरराष्ट्रीय म्हणण्यात अर्थ आहे.

मूळ फोटो घरच्यांकडेच राहावेत, प्रत काढणाऱ्याने तो त्याच दिवशी परत द्यावा, आणि प्रतींचा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात असावा, पुण्या-मुंबईच्या कपाटात नव्हे. फोटोखालच्या ओळी मराठी आणि उर्दू दोन्हींत हव्यात, कारण परभणीच्या कितीतरी घरांत फोटोच्या पाठीवरचा मजकूर उर्दूत लिहिलेला सापडेल आणि तो वाचणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. संकलनाची सुरुवात त्यामुळे शाळांपासून करण्याआधी म्हाताऱ्यांपासून करावी लागेल.