बलकाची वाट

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी रक्त पिऊन टम्म होते आणि जवळच्या भिंतीवर जाऊन बसते. त्या वेळी तिच्या अंडाशयात शंभरेक अंडपेशी रिकाम्यापोटी वाट पाहत असतात. दोन-तीन दिवसांत त्या बलकाने गच्च भरतात. पण हा बलक त्यांनी स्वतः केलेला नसतो. प्यायलेलं रक्त आतड्यात पचतं आणि त्यातली अमिनो आम्लं मेदपिंडाला मिळतात. पोटाच्या त्वचेखाली पसरलेला हा अवयव म्हणजे कीटकाचं यकृतच. तिथे व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन तयार होऊन डासाच्या रक्तात सुटतं आणि रक्तातून अंड्यात जातं.

यात रक्तापासून अंडपेशीच्या पटलापर्यंतचं शेवटचं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी. सगळी मेख तिथेच आहे.

हे प्रथिन बाहेरून येतं, हे नीट सिद्ध करण्याचं बरंचसं श्रेय अमेरिकन जीवशास्त्रज्ञ विल्यम टेल्फर यांचं. त्यांनी निवडला सेक्रोपिया हा उत्तर अमेरिकेतला रेशीमपतंग, आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर पोसला जाणारा टसर ज्या कुळातला, त्याच कुळातला. निवड अचूक होती. या पतंगाला कोशातून बाहेर आल्यावर खाताच येत नाही. त्यामुळे अंड्यांचा सगळा माल आधीच अंगात साठवलेला असतो. टेल्फर यांनी सशांमध्ये तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या मदतीने मादीच्या रक्तातलं एक खास प्रथिन हुडकलं. अंडी भरू लागली की रक्तातलं हे प्रथिन ओसरत जाई आणि बलकात त्याची संहती रक्ताच्या सुमारे २० पट होई. हा शोधनिबंध १९५४चा. नुसतं झिरपून प्रथिन वीसपट साठत नाही. म्हणजे कुणीतरी ते निवडून आत ओढत होतं.

पण कुठून? अंडपेशीभोवती आवरणपेशींचा एक सलग थर असतो. प्रथिन त्या पेशींच्या पोटातून जातं, असं मानणं सोपं होतं. टेल्फर यांनी १९६१मध्ये चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं वापरून पाहिलं, तर चमक पेशींच्या आत नव्हती. दोन पेशींमधल्या फटींत होती. प्रथिन बोळांतून येत होतं.

हे बोळ कायम उघडे नसतात. दक्षिण अमेरिकेतल्या रोड्नियस या रक्तपिपासू ढेकणावर व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३६मध्येच दाखवलं होतं की डोक्यामागची कॉर्पस अॅलेटम ही इवलीशी ग्रंथी काढली तर अंड्यांत बलक भरतच नाही. तिच्यातून ज्युव्हेनाइल हॉर्मोन स्रवतं. पुढे कॅनडात केनेथ डेव्ही आणि सहकाऱ्यांनी याच ढेकणात पाहिलं की हे हॉर्मोन मिळालं की आवरणपेशी पाणी सोडून आकसतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. पेशीपटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप औषधाने बंद पाडला, की आकसणं थांबतं. म्हणजे रक्तात प्रथिनाचा पूर असला तरी बोळ बंद असेल तर अंडं कोरडंच राहणार. पुरवठ्याची चर्चा फार होते. माझ्या मते खरी सत्ता या फटींच्या हाती आहे.

बोळाच्या टोकाला काय घडतं, ते डासाने दाखवलं. थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी १९६४मध्ये एडिसच्या अंडपेशींचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पटलावर जागोजाग खळगे पडलेले होते, जेमतेम १४० नॅनोमीटरचे. आतल्या बाजूने, म्हणजे पेशीरसाकडे, प्रत्येकाला ब्रशसारखं केसाळ अस्तर. रक्त प्यायल्यानंतर ७ तासांत या खळग्यांची संख्या १५ पट झाली. एका अंडपेशीवर सुमारे ३,००,०००. खळगा खोल होतो, तोंड मिटतं, पुडी सुटून आत जाते, अस्तर गळून पडतं आणि अशा पुड्या एकमेकींत मिसळून बलकाचे कण बनतात.

ते केसाळ अस्तर क्लॅथ्रिन या प्रथिनाचं, हे बार्बरा पिअर्स यांच्या कामातून १९७०च्या दशकात कळलं, आणि तेही डुकराच्या मेंदूवरून. त्याच दशकात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना माणसाच्या पेशी कोलेस्टेरॉलचे कण अशाच खळग्यांतून आत घेताना दिसल्या. त्यांच्या कोलेस्टेरॉलवरच्या कामाला १९८५चं नोबेल मिळालं. डासाच्या अंड्याचं नाव मात्र या गोष्टीत सहसा निघत नाही, याची मला थोडी चुटपुट वाटते. पुढे १९९५मध्ये फळमाशीत ‘योकलेस’ या जनुकाचा उलगडा झाला. हे जनुक बिघडलं तर अंड्यांत बलक शिरत नाही. ते ज्या ग्राही प्रथिनाचं निघालं, ते माणसातल्या कोलेस्टेरॉल-ग्राहीच्याच घराण्यातलं. गंमत म्हणजे फळमाशीचं बलक-प्रथिन वेगळ्याच, लायपेझ विकरांच्या कुळातलं. माल बदलला, पण तो उतरवून घेणारा हात त्याच घराण्यातला राहिला.

इतकी चोख व्यवस्था असली की फुकटे प्रवासी येणारच. भातावरचा राइस स्ट्राइप विषाणू एका तुडतुड्याच्या व्हायटेलोजेनिनला चिकटून त्याच्या अंड्यांत शिरतो आणि पुढच्या पिढीला जन्मतःच लागतो. चीनमधल्या संशोधकांनी हे २०१४मध्ये दाखवलं. त्याआधीच्या वर्षी फळमाशीतल्या स्पायरोप्लाझ्मा या जिवाणूचीही तीच चाल उघड झाली होती. तोही आवरणपेशींमधल्या बोळांतून सरकतो, बलक-प्रथिनाचा आणि त्याच ग्राहीचा आधार घेतो आणि अंड्यात मुक्काम ठोकतो. नर माशीला अंडीच नसल्याने तिथे त्याचा वंश खुंटतो. आणि या जिवाणूचे काही वाण माशीची नर पिल्लं भ्रूणावस्थेतच मारून टाकतात.