धारोष्ण दूध, न हटणारा ताप आणि हृदयाची झडप

निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात म्हैस, गाय किंवा शेळी बऱ्याच घरांत असते. इथल्या माणसाला महिनाभर बारीक ताप येत राहिला, रात्री घामाने अंथरूण भिजलं, कंबर आणि सांधे धरले, की आधी टायफॉइडवर उपचार होतात, मग क्षयाचा संशय येतो. जनावरांकडून येणाऱ्या ब्रुसेला या जिवाणूचं नाव फार उशिरा निघतं. ब्रुसेलोसिस झालेल्या शंभरांत फार तर एकदोघांच्या हृदयाच्या झडपेवर हा जिवाणू बसतो. पण या आजाराचे बहुतेक बळी त्या एकदोघांतलेच असतात.

‘आपल्या भागात असलं काही नाही.’ आहे. विजापूरच्या डॉ. बसप्पा मंतूर आणि सहकाऱ्यांनी सोळा वर्षांत पाहिलेल्या ४९५ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी शोधलं, म्हणून ते सापडले.

‘धारोष्ण दुधाने ताकद येते, तापवलं की कस जातो.’ तालमीतल्या पोरांपासून कोल्हापूरच्या दूधकट्ट्यापर्यंत ही समजूत पक्की आहे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर हा जिवाणू शोधला, पण तो तिथल्या सैनिकांच्या पोटात जातो कुठून, हे अठरा वर्षं कळलं नव्हतं. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांना तो शेळ्यांत सापडला, आणि त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. पुढच्याच वर्षी सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद झालं आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. म्हणून ‘आमची म्हैस निरोगी आहे’ या भरवशावर कच्चं दूध पिऊ नये. चांगली उकळी आली की ब्रुसेला मरतो. प्रथिनं आणि कॅल्शियम दुधातच राहतात.

‘मी कच्चं दूध पीतच नाही, मला धोका नाही.’ जनावर गाभडलं किंवा जार अडकला, की आपण उघड्या हातांनी तो ओढून काढतो. त्या जारात आणि स्रावात हे जिवाणू अगणित असतात. हाताला एखादी चीर असली तरी ते आत शिरतात. हातमोजे घाला, जार कुत्र्यांपुढे न टाकता चुना घालून खोल पुरा. पुरुषांइतकंच गोठा सांभाळणाऱ्या बायकांनाही हे सांगायला हवं, कारण हे काम बरेचदा त्यांच्याच वाट्याला येतं.

‘हृदयाचा आजार म्हणजे छातीत कळ.’ इथे तशी कळ सहसा नसते. ताप, घाम, वजन घटणं आणि हळूहळू लागणारी धाप, एवढंच दिसतं. तोवर झडप, बहुधा महाधमनीची, कुरतडली जाऊन गळू लागलेली असते.

सगळ्यांत घातक समजूत रिपोर्टबद्दलची आहे. ‘ब्लड कल्चर निगेटिव्ह, म्हणजे जंतू नाही.’ ब्रुसेला सावकाश वाढतो, त्यामुळे कल्चरची बाटली लवकर काढून टाकली तर तो हुकतो. रक्त घेण्याआधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तरीही हुकतो. जनावरांकडूनच येणारा दुसरा जिवाणू, कॉक्सिएला, नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाही, तो रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ओळखावा लागतो. म्हणून संशय असेल तर डॉक्टर प्रतिपिंडांची चाचणी आणि हृदयाची इको तपासणीही करतात. ब्रुसेलाची शंका प्रयोगशाळेला आधी कळवावी लागते, कारण तो तिथे काम करणाऱ्यांनाही बाधू शकतो.

ताप उतरला म्हणून गोळ्या सोडणं हीही मोठी चूक. साध्या ब्रुसेलोसिसला दोन औषधं मिळून सहा आठवडे लागतात. झडपेत गेलेल्याला कित्येक महिने, आणि पुष्कळदा झडप बदलण्याची शस्त्रक्रियाही.

गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा द्यायची ब्रुसेलोसिसची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. ती वासरांना टोचून घ्या. निपाणीचा रुग्ण कधी कोल्हापूरला जातो, कधी बेळगावला. कुठेही गेलात तरी जुने रिपोर्ट बरोबर न्या आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा: घरात जनावरं आहेत, कच्चं दूध पिण्यात आलं होतं, अमुक महिन्यात म्हैस गाभडली होती.