संस्थाचालक

‘संस्थाचालक’ हा शब्द आज कोणी उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती चौकातल्या फलकावर हात जोडून हसणारी, गळ्यात भरघोस हार घातलेली एक मूर्ती, आणि तिच्या पाठोपाठ येतो प्रवेशासाठी मोजाव्या लागणाऱ्या देणगीचा आकडा. ज्या महाराष्ट्रात १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि वसतिगृहातील पोरांच्या भाकरीसाठी त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने मोडले, त्याच महाराष्ट्रात या शब्दाला असे दिवस यावेत, याचे कोणाला वैषम्य वाटत असेल तर ते अस्थानी नव्हे. पण शब्द बदनाम झाला म्हणून त्याच्या पोटातले काम काही नाहीसे होत नाही. शाळा कोणी तरी चालवावी लागते; आणि शाळा बदलावयाची असेल, तर ती बदलू पाहणारी संस्था कोणी तरी चालवावी लागते, व हे दुसरे काम पहिल्याहून फार निराळे आहे.

कायद्याच्या लेखी हे काम सोपे दिसते. १८६० च्या अधिनियमाखाली संस्थेची नोंदणी करावयाची, १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी ती दाखल करावयाची, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडावयाचे, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरवून जमाखर्च मंजूर करून घ्यावयाचा आणि कार्यकारिणीत माणूस बदलला की बदल अहवाल सादर करावयाचा. एवढे ज्याने केले त्याची संस्था कागदोपत्री निर्दोष. प्रस्तुत लेखकही एका तालुक्याच्या गावी अशा एका निर्दोष शाळेच्या समितीवर काही वर्षे होता. त्या समितीच्या एका सभेचे इतिवृत्त अजून स्मरणात आहे. आवाराच्या भिंतीला चुना द्यावा की रंग, आणि रंग दिल्यास तो पिवळा की बदामी, यावर सभेचे दोन तास खर्ची पडले. नंतर चहा झाला. आणि चौथीच्या वर्गातील अकरा मुले दिवाळीपासून शाळेत आलेली नाहीत, हा मुख्याध्यापकांचा अहवाल ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली वाचला जाऊन ‘पालकांची अनास्था’ एवढ्या दोन शब्दांत निकालात निघाला. त्या दोन शब्दांना अनुमोदन देणाऱ्यांत मीही होतो.

पुढे केव्हा तरी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबादच्या कार्याचा वृत्तान्त वाचनात आला, तेव्हा त्या अकरा मुलांची आठवण होऊन मन ओशाळले. हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी खूण पडते, ती रक्कम नेमकी कोणाच्या नावे मांडावयाची? मुलाच्या, आईबापाच्या, दारिद्र्याच्या, की संस्थेच्या? शाळा सुधारण्यासाठी निघालेल्या माणसांची सगळी परीक्षा, माझ्या मते, या एका नोंदीत होते. ताराबाईंनी ती रक्कम वर्षानुवर्षे, बिनतक्रार, आपल्या संस्थेच्या नावे मांडली.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा; घर प्रार्थनासमाजाच्या वळणाचे. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, अमरावतीच्या एका वकिलांशी विवाह झाला, तो पुढे मोडला, आणि राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयातील मानाची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. मुलाला छडीच्या धाकाने नव्हे तर त्याच्या स्वतःच्या हातांनी शिकू द्यावे, हा मॉंटेसरीबाईंचा विचार गिजुभाईंनी तेथे गुजराती मातीत रुजविला होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती ताराबाई चालवू लागल्या, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला. येथवरचा प्रवास एखाद्या कर्तबगार विदुषीला शोभेल असाच होता, आणि ताराबाई तेथेच थांबल्या असत्या तरी मध्यमवर्गीय मुंबईने त्यांचे गुण गाइले असते.

पण एक अडचण होती, व ती लाकडाची होती. मॉंटेसरी पद्धतीतील साधने, म्हणजे ठोकळ्याच्या खाचांत बसवावयाचे लहानमोठे दट्टे, एकावर एक रचावयाचा गुलाबी मनोरा, हे सारे सुताराकडून मापात करून घ्यावे लागे, आणि त्याचा खर्च दादरच्या पालकाला झेपला तरी खेड्याला झेपणारा नव्हता. बालशिक्षण हे श्रीमंतांच्या लेकरांचे कौतुक होऊन बसले आहे, ते खेड्यात गेले पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह सर्वश्रुत होता. त्या आग्रहाला तोंडी होकार देणारे पुष्कळ होते. ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या अखेरीस, मुंबईतील घडी विसकटून बोर्डी गाठली.

बोर्डी हे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघरमधील, समुद्रकाठचे गाव: घोलवड स्थानकावर उतरावे, चिकूच्या वाड्यांमधून जावे, आणि सुरूच्या बनापलीकडे ओहोटीला दूरवर उघडा पडणारा किनारा पाहावा. गावात सुस्थितीतील कुटुंबे होती, उत्तम हायस्कूल होते. आणि याच वर्षी, याच जिल्ह्याच्या डोंगराळ अंगाला, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतकरी वेठीविरुद्ध उठले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे ‘लग्नगडी’ होऊन राबावेत, ही चाल मोडून काढण्याचा तो लढा होता. एका वर्षात, एका मुलखात, एकीकडे आईबापांची वेठ सुटत होती आणि दुसरीकडे त्यांच्या मुलांसाठी बालवाडी उघडत होती. या दोन कार्यांचे मार्ग व मते सर्वस्वी भिन्न होती, तरी ती एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावाचून कोसबादचा अर्थ पुरता उलगडत नाही, असे मला वाटते.

बोर्डीस जाण्यापूर्वी बोरिवलीला कस्तुरबा न्यासाचे ग्रामसेविकांसाठी शिबिर भरले होते. तेथे ताराबाईंना अनुताई भेटल्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी १९१० साली जन्मलेली ही मुलगी तेराव्या वर्षी बोहल्यावर चढली आणि काही महिन्यांतच विधवा झाली. शिक्षिकेची सनद मिळवून नाशिककडच्या खेड्यांत तिने शिकविले, पुढे पुण्याच्या हुजूरपागा शाळेत नोकरी करीत असता रात्रशाळेत बसून १९३७ साली ती मॅट्रिक झाली. पस्तिसाव्या वर्षी पुण्याची कायमची नोकरी सोडून ती ताराबाईंबरोबर निघाली. पुढील अठ्ठावीस वर्षे या दोघींनी एकत्र काढली.

बोर्डीत बालवाडी उघडली, आणि ज्यांच्यासाठी ती उघडली होती ती मुले आलीच नाहीत. सुखवस्तू घरांतली आली. हरिजनवाड्यातली, मासेमारांची, मजुरांची मुले वाड्यातच राहिली. माझ्या त्या समितीने येथे इतिवृत्तात काय लिहिले असते ते सांगावयास नको. ताराबाईंनी असा विचार केला, की मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीने मुलापर्यंत जावे, आणि मग बालवाडीच उठून वाड्यातल्या अंगणात जाऊन बसली. तिलाच ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले.

अंगणवाडी म्हणजे काय, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तिला छप्पर नाही, बाके नाहीत, घंटा नाही. शिक्षिका सकाळी वाड्यात जाते, प्रथम खराटा घेऊन अंगण झाडते, आणि मग मुलांना हाक मारते. पहिला पाठ अक्षरांचा नसतो. पाण्याची बादली, फणी, नखे काढण्याचे साधन, आंघोळ, केसांतली जट, डोळ्यांची चिपडे, खरजेवर लावावयाचे औषध, असा तो पाठ असतो, आणि हुजूरपागेच्या फळ्यावर सुवाच्य अक्षर काढलेला हात तो देत असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे ‘अध्यापन’ या शब्दाची व्याप्ती किती वाढविली गेली ते कळते. मग साधने. मापात तासलेल्या दट्ट्यांऐवजी किनाऱ्यावरचे शिंपले आले, चिंचोके आले, गुंजा, खडे, झाडांची पाने, काड्या आल्या. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावण्यास शिंपला गुलाबी ठोकळ्याइतकाच उपयोगी पडतो, आणि तो हरवला तर समुद्र दुसरा देतो. मॉंटेसरीबाईंच्या काटेकोर अनुयायांना हे कितपत रुचले असेल याची शंका आहे. परंतु पद्धतीचे तत्त्व राखून तिचे सामान टाकून देणे, हे धैर्य अनुयायाला होत नसते; त्याला पुढारीच लागतो.

१९५७ साली संस्थेने आपला मुक्काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर हलविला. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. सरकारी नोकरीत असत्या तर निवृत्तिवेतन घेऊन घरी बसण्याचे ते वय. कोसबाद हे वारली पाड्यांच्या ऐन मध्यावर, आणि तेथे अंगणातही मूल सापडेना, कारण अंगणात बसून राहण्याइतकी सवड त्या मुलाच्या आयुष्यात नव्हती. जरा मोठे पोर गुरांमागे रानात जाई. जरा मोठी पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढी, कारण आई आवणीला, गवत कापणीला किंवा लाकडाच्या वखारीला गेलेली असे. ऋतू बदलला की सारे घरदारच कामाच्या शोधात पाडा सोडून जाई. शाळेची वेळ अकरा ते पाच. गुरांची वेळही तीच.

यातूनच ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे जेथे चरतात तेथे शिक्षकाने जावयाचे. झाडाखाली मुले गोळा करावयाची. एक डोळा गुरांवर ठेवून चाललेले शिक्षण हेही शिक्षणच, असे मानावयाचे. भावंडाला सांभाळणाऱ्या पोरीसाठी निराळी तोड काढली गेली: शाळेच्या शेजारी बालवाडी, बालवाडीच्या शेजारी पाळणाघर. थोरलीने तान्ह्याला पाळण्यात द्यावे, मधल्याला वाडीत सोडावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांच्या या एकत्र मांडणीला ‘विकासवाडी’ म्हणत. दिवसभर राबणाऱ्यांकरिता रात्रीचे वर्ग होते. ज्याला आजचे अहवाल ‘गळती’ म्हणतात, तिचे मूळ मुलाच्या आळसात नसून कडेवरच्या भावंडात आहे, हे ज्यांना दिसले त्यांना उपाय फारसा शोधावा लागला नाही.

या साऱ्या काळात पैसा कोठून आला? देणग्या आल्या, अनुदाने आली, उशिरा आली, आणि अर्ज, स्मरणपत्र, तपासणी, हिशेबाच्या पावत्या या रहाटगाडग्यातून कोणतीही सेवाभावी संस्था सुटत नाही तशी हीही सुटली नाही. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. मानसन्मानाने संस्थेची पत वाढते हे खरे, पण महिनाअखेरचे पगार त्यातून भागत नाहीत, हे कोणताही खजिनदार सांगेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज भारतात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या वाड्यातला एक शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत रूढ झाला, ही एखाद्या संस्थेच्या वाट्याला क्वचित येणारी कृतार्थता होय. तथापि शब्दाबरोबर सगळा आशय गेला असे मात्र म्हणवत नाही. आजच्या सेविकेच्या माथी पोषण आहार, लसीकरण, वजन, सर्वेक्षण आणि भ्रमणध्वनीवर भरावयाची माहिती यांचा एवढा भार आहे, आणि मानधन एवढे तुटपुंजे आहे, की शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घेण्यास तिला फुरसत उरत नसेल तर दोष तिचा नव्हे. विस्ताराची ही किंमत असते. मुंबईत १९९५ च्या सुमारास माधव चव्हाण व फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने देवळात, ओसरीवर, शिक्षिकेच्या स्वतःच्या खोलीत बालवाड्या भरविल्या, म्हणजे इमारतीवाचून अडत नाही ही जुनी खूणगाठ शहरातही उपयोगी पडली, आणि पुढे २००५ पासून ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या पाहण्यांनी, पाचवीतील जवळपास निम्म्या ग्रामीण मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही, असे सांगून हजर मुलांचाही हिशेब मागितला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता अखेरचा प्रश्न. मोठ्या माणसाने उभी केलेली संस्था त्या माणसामागे टिकत नाही, असा आपल्याकडचा सर्वसाधारण अनुभव. कारण मोठी माणसे दुसरे माणूस मोठे होऊ देत नाहीत, किंवा होऊ देतात ते मुलाला वा पुतण्याला. कोसबादला तसे झाले नाही. अनुताई ही ताराबाईंची सावली असे म्हणण्याची रीत आहे, परंतु सावली रात्री अभ्यास करून पदवी घेत नाही. अनुताई १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, बी. ए. झाल्या, तेव्हा टेकडीवरचे रोजचे काम त्यांच्याच हाती होते. ताराबाईंनी पत्र, पैसा, प्रयोगाची मांडणी आणि बाहेरच्या जगाशी बोलणे सांभाळावे. अनुताईंनी पाडे तुडवावेत, वारल्यांची बोली उचलावी, आणि कोणती कल्पना अंगणात चालते व कोणती चालत नाही ते परत येऊन सांगावे. कागद आणि चिखल यांमध्ये अशी रोजची ये-जा असणे ही गोष्ट कोणत्याही घटनेत लिहून ठेवता येत नाही. १९७३ साली ताराबाई गेल्या. त्रेसष्ट वर्षांच्या अनुताईंकडे जे आले ते नवे नव्हतेच. नवी होती ती फक्त सही.

१९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली. १९९२ च्या सप्टेंबरात त्यांचा अंत झाला. त्याआधीची एक गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. टेकडीवरचा संसार स्थिरस्थावर झाला होता. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथनही लिहून झाले होते. अशा वेळी, १९८२ साली, बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी डहाणू तालुक्यातच ‘ग्राममंगल’ ही आणखी एक संस्था काढली. म्हणजे पुन्हा नोंदणीचा अर्ज, पुन्हा विश्वस्त, पुन्हा कोरी कीर्द आणि कोरी खतावणी.