चहाला हिंगाची फोडणी!

दार्जिलिंगहून शंभर ग्रॅम फर्स्ट फ्लश आणला, चांगला महागातला. काचेच्या बरणीत झक्कास दिसेल म्हणून भरला आणि ठेवला कुठे? मसाल्याच्या डब्याला खेटून, गॅसशेजारी! महिन्याभराने आई-बाबा पहिल्यांदाच माझ्या फ्लॅटवर आले. ऐटीत चहा दिला. बाबा घोट घेऊन म्हणाले, ‘‘फोडणी छान बसलीय गं!’’

हसू नका. चहाची पानं वास चटकन ओढून घेतात. हवा, ओल, उजेड, उष्णता त्यांचा सुगंध पळवतात. आता माझा फंडा सोपा: घट्ट झाकणाचा छोटा पत्र्याचा डबा, गॅसपासून लांबच्या कपाटात. चमचा कोरडाच. फ्रिज नको, बाहेर काढताच ओल धरते. मार्च-एप्रिलच्या खुडणीचा हा नाजूक चहा वर्षाच्या आत संपवायचा.

बाबा दिवाळीत परत येताहेत. यंदा फोडणी फक्त चिवड्याला!