हाली-कलदारचा बट्टा आणि खानदेशचा व्यापार

खानदेशांतील जुन्या वह्यांत रकमेपुढें नुसतें ‘रुपये’ आढळल्यास ते कलदार कीं हाली, हें आम्हीं प्रथम ठरवितों. पाचोरें व जामनेर इंग्रजी मुलखांत, तर शेजारचीं अजिंठा व सोयगांव निजामाच्या अमलांत होतीं. सरहद्द ओलांडतांच नाणें बदले.

विसाव्या शतकांतील सरकारी भाव सामान्यतः १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे ६ कलदारांस ७ हाली, असा होता. या भावानें ७० हालीचा मोगलाई कापूस जळगांवच्या व्यापाऱ्यास ६० कलदारांस पडे. बाजारांत १०० कलदारांस १२५ हाली मिळूं लागले असें धरल्यास तोच कापूस ५६ कलदारांत येईल. उलट धुळ्याचें ६० कलदारांचें कापड मोगलाईंत ७० ऐवजीं ७५ हालीस पडेल. हाली उतरला कीं तिकडून आणणाऱ्यास लाभ, तिकडे विकणाऱ्यास अडचण.

१९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें व पुढें हाली नाणेंही चलनांतून गेलें. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, सराफांचीं बट्ट्याचीं टिपणें रद्दी समजून टाकूं नयेत. त्यांवांचून वह्यांतील नफातोटा उलगडणार नाहीं.